खिशातली सुई

प्लेटमधले चार खळगे पिवळे झाले होते. मी किटला दोष दिला, नवीन किट उघडलं आणि चाचणी पुन्हा लावली. दुसऱ्या वेळीही तेच चार पिवळे.

प्लेट उचलून मी चिटणीस सरांच्या टेबलावर ठेवली. ते आमच्या रक्तपेढीचे पॅथॉलॉजिस्ट. त्यांनी चष्मा कपाळावर सारला आणि प्लेट डोळ्यांजवळ नेली.

"कोणतं शिबिर?"

"धरणाकडचं, सर. तरुण मंडळाचं रक्तदान. रविवारचं."

"चौघंही एकाच गावचे?"

"एकाच."

"मग हे किटचं दुखणं नाही, डुंबरे. गावाचं आहे."

ही हकिगत दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. मी नारायणगावात एका ट्रस्टच्या रक्तपेढीत टेक्निशियन होतो. चिटणीस सर यंदाच्या चैत्रात गेले. शोकसभेत मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी उभा राहिलो आणि तसाच खाली बसलो. बोलण्यापेक्षा लिहिणं मला सोपं जातं, तेही सावकाश. म्हणून त्या दिवशी जे सांगायचं राहिलं ते इथे लिहितो आहे. गावाचं नाव मात्र लिहीत नाही. माझं तिथे अजून जाणं-येणं आहे.

आधी चाचणीविषयी. प्लास्टिकच्या एका ताटलीत छोटे छोटे खळगे असतात. प्रत्येक खळग्यात एकेका रक्तदात्याच्या रक्ताचा थेंब घालायचा, मग ठरलेली रसायनं. हिपॅटायटिस सीच्या विषाणूशी त्या शरीराची कधी गाठ पडली असेल, तर खळगा पिवळा होतो. हा विषाणू यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये, राहतो. पाण्यातून येते ती कावीळ वेगळी. ती येते, डोळे पिवळे करते आणि बहुधा जाते. हा रक्तातून रक्तात जातो, वीस-वीस वर्षं गप्प बसतो आणि आतल्या आत लिव्हर कडक करतो. एका ताटात जेवल्याने, हात धरल्याने, खोकल्याने तो पसरत नाही. त्यावर लस नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या भागात रक्त द्यायच्या आधी ही चाचणी होतच नसे. आमच्याकडे ती आली तेव्हा शंभर बाटल्यांत एखादी पिवळी निघाली तरी आम्ही दिवसभर त्याबद्दल बोलायचो. इथे एका गावात एकदम चार.

त्या चौघांपैकी तीन शेतकरी होते. चौथ्या शोभा सिस्टर. त्या गावच्या उपकेंद्रातल्या नर्स. गरोदर बायांची तपासणी, बाळांचं लसीकरण, कुटुंबनियोजनाची समजूत, सगळं त्यांच्याकडे. माहेर निरगुडसरचं. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि टेबलावर नीट कव्हर घातलेली रजिस्टरं. शिबिराला गावातून बायका येत नव्हत्या म्हणून त्या स्वतः पहिल्या कॉटवर झोपल्या होत्या.

निकाल मी त्यांना एकट्यांना बोलावून सांगितला. 

"डुंबरे भाऊ, गावात अजून असतील का?"

"असतील. तपासायला लागतील."

"मग शिबिर लावा. मी माणसं आणते."

त्यांनी माणसं आणली. कशी आणली, ते मला नंतर कळलं. लोक घाबरत होते, तेव्हा त्यांनी वस्तीवस्तीवर जाऊन सांगितलं, "माझंही आलंय. मी पळून गेले का? तुम्हीही या." निकाल गुप्त ठेवायचा हा आमचा नियम. स्वतःचा निकाल स्वतः फोडायला मात्र कुणाची मनाई नसते. तपासणीला लोक आले, आणि आणखी सात जणांचे खळगे पिवळे झाले. एकूण अकरा.

पुढच्या आठवड्यात बबनराव आले. ते गावचे उपसरपंच, मोठी द्राक्षबाग असलेले, आणि पहिल्या चौघांतले एक. हातात टाइप केलेला अर्ज होता.

"साहेब, आमाला चोर सापडला."

"कोण?"

"सुया कोण टोचतं गावात? शोभाबाई. तिच्या अंगात ह्ये हाय, ती सोताच सांगत फिरती. आता आजून काय पुरावा पाह्यजे? तिची बदली करा म्हणून अर्ज हाय. नोकरीच गेली तर आनखी बरं."

"बबनराव, त्या मुलांना लस देतात. मोठ्यांना नाही. तुम्हाला त्यांनी कधी काही टोचलंय?"

"धनुर्वाताचं दिलं व्हतं येकदा. खिळा घुसला तवा."

चिटणीस सर आतून ऐकत होते. ते बाहेर आले. "अर्ज द्यायचा तर द्या. पण तीन आठवडे थांबा. हे सिस्टरांकडूनच आलं असं निघालं तर त्याच अर्जावर मीही सही करीन."

बबनराव थांबायला तयार झाले. गाव थांबलं नाही. लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात एकही आई आली नाही. ज्यांना शोभा सिस्टरांच्या घरचं पाणी आधीपासूनच नको होतं, त्यांना आता सांगायला कारण मिळालं. मी गेलो तेव्हा त्या लसीचा डबा समोर ठेवून एकट्याच बसल्या होत्या. मागे गॅसवर प्रेशर कुकरसारखा स्टरिलायझर होता. काचेच्या सिरिंजा त्यात वाफेवर निर्जंतुक व्हायच्या.

"भाऊ, लोकांचं सोडा," त्या म्हणाल्या. "मी नऊ वर्षं या गावात आहे. चौथीपर्यंतची सगळी पोरं माझ्या हाताखालून गेलीत. कुकरची शिटी नीट झाली नाही असं एखाद्या दिवशी झालं असेल का? माझ्या बोटाला सुई लागून तोच हात पुढच्या पोराला लागला असेल का? मला आठवत नाही. आठवत नाही म्हणजे झालंच नाही, असं धरता येत नाही ना."

त्यांचा प्रश्न मी सरांपुढे तसाच ठेवला.

चिटणीस सरांनी अकराही जणांच्या रक्ताचे नमुने पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पाठवले. तिथे दोन गोष्टी बघायच्या होत्या. एक, विषाणू अजून अंगात आहे की नाही. काही जणांचं शरीर त्याला स्वतःच हुसकून लावतं आणि मागे फक्त खूण उरते. दुसरी, तो कोणत्या प्रकारचा आहे. हिपॅटायटिस सीचे तेव्हा सहा मुख्य प्रकार माहीत होते, एक ते सहा असे नंबर दिलेले. आपल्याकडे तीन नंबर जास्त, त्याखालोखाल एक नंबर.

निकाल येईपर्यंत सरांनी मला एक फॉर्म करून दिला. प्रत्येकाला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारायचा: तुमच्या अंगात सुई, ब्लेड, सुरी आजवर कधी आणि कुठे गेली? ऑपरेशन, दात काढणं, गोंदणं, न्हाव्याचा वस्तरा, दुसऱ्याचं रक्त, सलाइन. मी पंधरा दिवस मोटरसायकलवर गावात फिरलो. शोभा सिस्टर बरोबर यायच्या. काही दारं त्यांना बघून बंद व्हायची. मग त्या पायरीवर थांबायच्या आणि मी आत जायचो.

त्यांचा स्वतःचा फॉर्मही भरला. पहिल्या बाळंतपणात फार रक्त गेलं होतं आणि दोन बाटल्या चढवल्या होत्या. साल ऐकून मी पेन थांबवलं. चाचणी नव्हती त्या काळातलं ते रक्त.

"मग माझं तिथूनच आलं?"

"बहुतेक."

"पण नंतर ते माझ्याकडून गावात गेलं नसेल, असं म्हणता येईल?"

"अजून नाही."

बाकी दहा जणांत एक गोष्ट समान होती. सगळे तात्यांकडे जाणारे. तात्या हे गावचे डॉक्टर. डिग्री नव्हती. घोडेगावात एका डॉक्टरांकडे बरीच वर्षं कंपाउंडर होते, मग गावात येऊन ओट्यावर खुर्ची टाकली. हाताला गुण आहे असं सगळे म्हणत. द्राक्षाचे घड औषधात बुडवायचं काम सुरू झालं, की माणसं दिवसभर हात वर करून उभी असतात. संध्याकाळी खांदे भरून येतात. मग तात्यांकडून लाल इंजेक्शन घ्यायचं, ताकदीचं. ते बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व. रंगच लालभडक असतो त्याचा.

पण दहाही जणांनी मी न विचारताच सांगितलं, "नवी सुई असती, साहेब. आमची आमी घेऊन जातो." मेडिकलमधून सीलबंद सुई घ्यायची, शर्टाच्या खिशात ठेवायची आणि तात्यांच्या हातात द्यायची, ही त्या गावची पद्धतच होती. कुणी सुई न आणता गेलं तर तात्या परत पाठवायचे. मी तात्यांच्या रकान्यात दहा वेळा 'सुरक्षित' असं लिहिलं. एवढी काळजी घेणारं दुसरं गाव मी पाहिलं नव्हतं.

पुण्याचा निकाल आला. अकरांपैकी दोघांच्या अंगात विषाणू उरलाच नव्हता. उरलेल्या नऊ जणांत आठ तीन नंबरचे. शोभा सिस्टर एक नंबर.

सरांनी बबनरावांना बोलावून घेतलं आणि कागद पुढे केला. बबनरावांनी तो उलटासुलटा बघितला.

"नंबराचं आमाला काय कळनार, सर?"

"तुमच्या बागेत काय आहे?"

"थॉमसन."

"आणि भावाच्या?"

"काळी. शरद शीडलेस."

"भावाच्या बागेतली काडी आणून तुमच्याकडे लावली, तर हिरवा घड येईल?"

"कसा यील? काळ्याला काळंच यायचं."

"शोभा सिस्टरांची काडी काळी आहे. तुमची आणि बाकीच्या सात जणांची हिरवी. तुमची बाग त्यांच्या काडीची नाही."

बबनरावांनी कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "आमा आठांची काडी येकाच बागंतली हाय, आसं म्हननं हाय का तुमचं?"

"ते मी म्हणणार नाही. हिरवी द्राक्षं तालुकाभर आहेत. रंग वेगळा म्हणजे काडी नक्की वेगळी. रंग सारखा म्हणजे काडी एकच, असं सिद्ध होत नाही. त्यासाठी आणखी बारीक तपासणी लागते. ती चालू आहे."

"मग आलं कुठनं, त्ये सांगा. त्ये सांगितल्याबिगर गाव न्हाई ऐकायचं. सर, मी येकटा ऐकून काय उपेग?"

ते खरं होतं. बबनराव गेल्यावर सरांनी माझे फॉर्म मागवले. एकेक चाळता चाळता तात्यांच्या रकान्यावर थांबले.

"सुरक्षित. तू पाहिलंस?"

"सगळे सांगतात, सर. दहाच्या दहा."

"लोक सांगतात ते मी वाचलं. तू पाहिलंस का?"

"नाही."

"मग हे फॉर्म भरलेले नाहीत. जाऊन बघ."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला मी तात्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. सत्तरीचा माणूस, धुतलेलं धोतर, नखं कापलेली. मी कोण ते त्यांना माहीत होतं. "बसा पावणं. चहा घ्या. काय बघायचं त्ये बघा, माझं काय झाकल्यालं न्हाई."

खरंच काही झाकलेलं नव्हतं. पहिला गडी आला, खिशातून सुई काढून दिली. तात्यांनी पाकीट फाडलं, सुई सिरिंजला बसवली. सिरिंज प्लास्टिकची, गरम पाण्यातून काढलेली. औषधाची मोठी बाटली, तिला रबरी बूच. बाटलीत आधी थोडी हवा ढकलली, मग तेवढंच औषध ओढलं. पुस्तकात लिहिलंय तसं. दंडात सुई घातल्यावर दट्ट्या किंचित मागे ओढून शिरेत तर नाही ना ते पाहिलं. तेही पुस्तकातलं. इंजेक्शन दिलं, सुई काढून डब्यात टाकली.

दुसरा गडी पुढे आला. त्याने आपली सुई दिली. तात्यांनी ती त्याच सिरिंजला बसवली आणि त्याच बाटलीत खुपसली.

तिसऱ्यालाही तसंच. चौथ्यालाही.

माझ्या हातातला चहा थंड झाला. दट्ट्या मागे ओढला की रक्ताचा कण सिरिंजच्या तोंडात येतो. पुढच्या वेळी हवा ढकलली की तो कण बाटलीत जातो. औषध लाल, म्हणून दिसत नाही. आणि एक बाटली आठवडाभर पुरते. हाताने हयगय केली असती तर कदाचित इतकं पसरलंही नसतं. तात्या फार नीट काम करत होते.

सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "माझ्यासमोर नको बोलूस. त्यांच्यासमोर करून दाखव."

शुक्रवारी उपकेंद्राच्या अंगणात पंचवीसेक माणसं जमली. बबनराव होते. तात्या स्वतः आले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. शोभा सिस्टर दारात उभ्या होत्या. मी स्वच्छ पाण्याने भरलेली, रबरी बुचाची एक बाटली आणि लॅबमधला निळा रंग आणला होता. स्लाइडवरचे जंतू दिसावेत म्हणून तो वापरतात. थेंबभर पुरतो.

"हा निळा थेंब म्हणजे एका माणसाचं रक्त समजा," मी म्हणालो. "समजा, बबनरावांचं."

"माझंच बरं सापडतंय सगळ्यांना," बबनराव म्हणाले. लोक हसले.

सुई लावलेल्या सिरिंजने मी थेंबभर निळा रंग ओढला आणि ढकलून बाहेर टाकला. सिरिंज रिकामी दिसत होती. ती सुई फेकली आणि म्हणालो, "कुणाकडे नवी सुई आहे?" पाच-सहा हात खिशात गेले. एक घेतली, सगळ्यांसमोर पाकीट फाडलं, बसवली. बाटलीत हवा ढकलली, पाणी ओढलं, पांढऱ्या कापडावर सोडलं. कापडावर निळा डाग पडला. पुन्हा नवी सुई, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी बाटली उंच धरली. आतलं पाणी फिकट निळं झालं होतं.

 मग बबनराव उठले. मला वाटलं ते तात्यांवर जातील. ते माझ्याकडे वळले.

"डुंबरे साहेब, येक इचारू? येड्सचं शिबिर घेतलं व्हतं शाळंत, धा वरसं झाली आसतील. भाषन कुनी केलं व्हतं?"

मी केलं होतं. एड्सची पोस्टरंही मीच लावली होती. प्रत्येक इंजेक्शनला नवीन सुई, सुई स्वतः आणा, असं मी त्या शाळेच्या ओट्यावर उभं राहून सांगितलं होतं. सिरिंजबद्दल एक शब्द बोललो नव्हतो, आणि बाटलीचा विचार तर माझ्या डोक्यातही आला नव्हता.

"तुमीच सांगितलं सुई नवी आना. आमी आनली. आता म्हनता नळीबी नवी पाह्यजे. मंग तवाच का न्हाई सांगितलं राव?"

"चुकलं," मी म्हणालो. 

तात्या पुढे आले. त्यांनी बाटली हातात घेऊन उन्हाकडे धरली, बराच वेळ. मग शोभा सिस्टरांच्या पायरीपाशी गेले आणि शर्टाची बाही वर केली.

"माझं बी रगत काढ, पोरी. मला बी बोट टोचलंय किती येळा. आन् आजपास्नं माझ्याकडं कुनी सुई घेऊन यायचं न्हाई."

शोभा सिस्टरांनी सीलबंद सिरिंजचं पाकीट त्यांना आधी दाखवलं आणि मग फाडलं.  तात्यांचं रक्त निर्दोष निघालं.

बारीक तपासणीचा निकालही पुढे आला. आठ जणांचे विषाणू सख्ख्या भावंडांसारखे एकमेकांच्या जवळचे होते. तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना सरांनी सगळं लिहून कळवलं. तात्यांचा ओटा बंद झाला. बबनरावांनी अर्ज परत घेतला असं कधी सांगितलं नाही, फक्त तो पुन्हा कुणाला दिसला नाही. पुढच्या लसीकरणाला सहा आया आल्या, त्याच्या पुढच्याला सतरा.

तेव्हाचा उपचार सोपा नव्हता. इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि सोबत गोळ्या. ताप यायचा, केस गळायचे, चिडचिड व्हायची. तीन नंबरवाल्यांना सहा महिने, एक नंबरला वर्षभर, आणि गुण येण्याची शक्यताही एक नंबरला कमी. आठ जणांपैकी सहा जणांनी तो घेतला, पाच बरे झाले. सहाव्या एक आजीबाई होत्या, त्यांचं लिव्हर आधीच फार कडक झालं होतं; त्या नंतर दोन वर्षांनी गेल्या. उपचार न घेतलेल्या दोघांना पुढे बऱ्याच वर्षांनी नुसत्या गोळ्यांचा उपचार निघाला तेव्हा तो मिळाला आणि तीन महिन्यांत विषाणू गेला. बबनरावांना इंजेक्शनसाठी नारायणगावला यावं लागत होतं. दुसऱ्याच महिन्यात त्यांनी तो हेलपाटा बंद केला आणि उपकेंद्रात जाऊ लागले. बाळं घेऊन बसलेल्या बायकांच्या रांगेत ते शेवटी बसायचे.

"सिस्टर, आधी पाकीट दावा," ते म्हणायचे.

"दाखवते. आणि माझं मी टोचून घेताना तुम्हीही बघत बसा. मला कुणी बघायला नाही."

शोभा सिस्टरांचा उपचार वर्षभर चालला. तो संपल्यावर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं असतं. तेव्हा विषाणू नसेल तर माणूस बरा झाला असं धरतात. त्यांचा निकाल मी स्वतः घेऊन गेलो. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि बाहेर थांबलेल्या बायकांना आवाज दिला, "चला, पुढचं बाळ आणा."

पोस्टर मी नव्याने लिहिलं. चिटणीस सरांनी ते चार वेळा परत पाठवलं. "जे लिहिशील ते लोक तंतोतंत करतील हे धरून लिही," ते म्हणाले. लोक सांगितलेलं ऐकत नाहीत, ही आमच्या व्यवसायातली जुनी तक्रार आहे. निवृत्त होईपर्यंत सहकाऱ्यांच्या तोंडून मी ती ऐकत आलो. मी मात्र त्या शुक्रवारनंतर ती कधी केली नाही. त्या गावाने माझं दहा वर्षं ऐकलं होतं.